उतरणीचे सीझन, चढणीचे सीझन

‘पहिले चार सीझन बघ, पुढचे राहिले तरी चालेल,’ अशी पुस्ती जोडून हल्ली मालिकांची शिफारस होते. ‘डेक्स्टर’बद्दल हे हमखास ऐकू येतं. ‘द वायर’ सुचवणारा उलट सांगतो: दुसरा सीझन जड जाईल, पण सोडू नकोस, चौथ्यापर्यंत जा. नाटकाचा दुसरा अंक पडला, असं आपणही म्हणतो. पण नाटकाचा पडदा वर जातो तेव्हा दोन्ही अंक लिहून झालेले असतात. मालिकेचा दुसरा सीझन लिहायला घेतात तेव्हा पहिला लोकांनी पाहिलेला असतो, त्याचं कौतुक किंवा टिंगल होऊन गेलेली असते, नटांचं मानधन वाढलेलं असतं आणि कधीकधी मूळ लेखक काम सोडून गेलेला असतो. मालिका का चढते आणि का उतरते, हा वाद या परिस्थितीतून निघाला आहे.

त्या वादात आजवर काय काय म्हटलं गेलं आणि त्यातलं काय टिकतं, ते इथे पाहायचं आहे. उदाहरणं मुख्यतः अमेरिकन आहेत, कारण सीझनची पद्धत तिथे जुनी आहे आणि तिच्यावरचं लिखाणही तिथेच जास्त झालं आहे. मराठीचा विषय शेवटाकडे येईल. आपल्याकडे सीझन उशिरा आले आणि वेगळ्या वाटेने आले.

शंभर भागांचं गणित

अमेरिकेतल्या जुन्या व्यवस्थेत सीझन म्हणजे सप्टेंबर ते मे, आणि त्यात साधारण बावीस-चोवीस भाग. वाहिनीकडून मिळणाऱ्या पैशात निर्मितीचा खर्च बहुधा भरून निघत नसे. खरी कमाई पुढे होती: जुने भाग ठिकठिकाणच्या स्थानिक केंद्रांना रोज दाखवण्यासाठी विकले गेले की. त्यासाठी शंभरएक भागांचा साठा लागे, म्हणजे चार-पाच सीझन. एकदा चाललेली मालिका संपवण्यात कुणाचाच फायदा नव्हता. ‘ईआर’ ही रुग्णालयातली मालिका १९९४ ते २००९ अशी पंधरा सीझन चालली आणि तिचे ३३१ भाग झाले.

त्या काळात घसरण म्हणजे थकवा. तीच माणसं, तेच घर, आणि लेखकांना नवं काही सुचेनासं झालेलं. याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण विनोदी मालिकेतलं आहे. ‘हॅपी डेज’च्या पाचव्या सीझनच्या सुरुवातीला, १९७७ मध्ये, फाँझी हा नायक वॉटर-स्कीवर उभा राहून शार्कवरून उडी मारतो. पुढे हे दृश्य म्हणजे मालिका बिघडल्याची खूणच मानली गेली. गंमत अशी की ‘हॅपी डेज’ त्यानंतर १९८४ पर्यंत चालू राहिली. तो भाग लिहिणाऱ्या फ्रेड फॉक्स ज्युनियर यांनी २०१० मध्ये लेख लिहून आठवण करून दिली की तो तीन कोटी लोकांनी पाहिला होता. घसरणीची खूण प्रेक्षकांनी त्या रात्री ठरवली नव्हती, ती मागाहून ठरली.

१९९९ मध्ये एचबीओवर ‘द सोप्रानोज’ सुरू झाली आणि गणित बदललं. जाहिराती नाहीत, पैसा थेट वर्गणीदारांकडून, सीझनला तेरा भाग, आणि भागाभागांतून वाहत जाणारी कथा. सलग कथेत एका भागातली चूक त्या संध्याकाळपुरती राहत नाही. पुढचं वळण चुकलं तर मागे पाहिलेलंही वाया गेल्यासारखं वाटतं. आजचा वाद या सलग कथेच्या मालिकांचा आहे.

कथा कशावर चालते

पहिली भूमिका अशी: काही कथा एका प्रश्नावर उभ्या असतात आणि प्रश्नाचं आयुष्य मर्यादित असतं. उत्तर दिलं तर कथा संपते, नाही दिलं तर प्रेक्षक चिडतो. ‘ट्विन पीक्स’ (१९९०-९१) हा त्याचा धडाच आहे. लॉरा पामरला कुणी मारलं, हे डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट यांना इतक्यात सांगायचं नव्हतं. वाहिनीचा दबाव आला आणि बावीस भागांच्या दुसऱ्या सीझनमध्ये सातव्याच भागात खुनी उघड झाला. उरलेल्या पंधरा भागांत मालिका चाचपडत राहिली, प्रेक्षक गेले आणि १९९१च्या जूनमध्ये ती बंद पडली.

मुंबईच्या प्रेक्षकाला याचं जवळचं उदाहरण म्हणजे ‘सेक्रेड गेम्स’. विक्रम चंद्रा यांच्या २००६ सालच्या जाडजूड कादंबरीवरची ही मालिका २०१८ मध्ये आली, तेव्हा ‘पंचवीस दिवसांत मुंबईचं काय होणार’ या एका सवालाने सीझन पुढे ओढला. २०१९च्या दुसऱ्या सीझनमध्ये गुरुजींच्या आश्रमाचा पसारा वाढला, सवाल मात्र तोच राहिला आणि शेवटही अधांतरी ठेवला गेला. पहिल्याइतकं कौतुक दुसऱ्याच्या वाट्याला आलं नाही. तिसरा आलाच नाही.

याच्या समोर ठेवली जाते ‘द वायर’ (२००२-०८). डेव्हिड सायमन बाल्टिमोरमधल्या वृत्तपत्रात बातमीदार होते, आणि त्यांचे सहकारी एड बर्न्स आधी पोलीस खात्यात आणि नंतर शाळेत शिक्षक. त्यांनी प्रत्येक सीझनला शहराची एक नवी संस्था घेतली. पहिल्यात गल्लीतला अमली पदार्थांचा धंदा आणि पोलीस, दुसऱ्यात बंदरावरची कामगार संघटना, तिसऱ्यात नगरपालिकेचं राजकारण, चौथ्यात शाळा, पाचव्यात वृत्तपत्र. ओळखीची पात्रं बाजूला सारून दुसरा सीझन गोदीत गेला तेव्हा अनेक प्रेक्षक वैतागले. आज त्याच सीझनकडे मालिकेचा आवाका दाखवणारा टप्पा म्हणून पाहतात, आणि चौथा तर टेलिव्हिजनवरच्या सर्वोत्तम सीझनांत गणला जातो. बर्न्स यांची वर्गातली वर्षं त्यात दिसतात.

‘हॉल्ट अँड कॅच फायर’ (२०१४-१७) ही आणखी वेगळी. टेक्ससमधल्या ऐंशीच्या दशकातल्या संगणक उद्योगाची ही गोष्ट पहिल्या सीझनमध्ये एका गूढ, आत्मविश्वासू विक्रेत्याभोवती फिरत होती आणि उसनी वाटत होती. दुसऱ्या सीझनला लेखकांनी कॅमेरून आणि डॉना या दोन स्त्रियांच्या कंपनीला मध्यभागी आणलं. त्यांची भागीदारी, भांडण आणि अनेक वर्षांनंतरचा समेट यांवर मालिका चौथ्या सीझनपर्यंत चढत गेली.

मला स्वतःला या वादातला हा मुद्दा सर्वांत भरवशाचा वाटतो: रहस्यापेक्षा माणसांमधल्या नात्यांवर आणि संस्थांवर उभी राहिलेली मालिका जास्त पल्ला गाठते. पण तो सगळीकडे लागू पडत नाही. ‘द वायर’चाच पाचवा सीझन घ्या. दहा भागांचा, आधीच्यांपेक्षा आखूड, आणि पोलिसाने रचलेल्या खोट्या सीरियल किलरच्या कथानकावर बेतलेला. ज्या वृत्तपत्राच्या जगात सायमन यांनी उमेदीची वर्षं काढली, तिथे शिरल्यावर त्यांचा राग पात्रांवर स्वार झाला, असं अनेक समीक्षकांनी म्हटलं. विषय संपला नव्हता, पण लेखकाने त्यापासून राखायचं अंतर सुटलं होतं.

शेवट आधी ठरवावा का

दुसरी भूमिका म्हणते, घसरणीचं मूळ अनिश्चिततेत आहे. मालिका किती वर्षं चालणार हे ठाऊक नसलेला लेखक पाणी घालतो. इथे दाखला दिला जातो तो ‘लॉस्ट’चा (२००४-१०). तिसऱ्या सीझनमध्ये नायकाच्या दंडावरच्या गोंदणाची कहाणी सांगणारा एक भाग आला. ‘आम्हाला ताणायला लावलं तर असे भाग बघावे लागतील’ हे वाहिनीला पटवून द्यायला खुद्द निर्मात्यांना तो कामी आला. २००७च्या मे महिन्यात एबीसी वाहिनीने मान्य केलं: आणखी तीन सीझन, ४८ भाग, आणि २०१० मध्ये शेवट. चालत्या, भरपूर पाहिल्या जाणाऱ्या मालिकेची संपण्याची तारीख तीन वर्षं आधी जाहीर करणं तेव्हा जवळपास अभूतपूर्व होतं. त्यानंतरचा चौथा सीझन लेखकांच्या संपामुळे चौदा भागांचा झाला, तरी तो घट्ट आणि वेगवान आहे. अंतिम भागावर मात्र आजही दोन तट आहेत.

‘गेम ऑफ थ्रोन्स’ने (२०११-१९) या भूमिकेची पंचाईत केली. इथे शेवट निर्मात्यांनी स्वतः ठरवला होता. एचबीओची आणखी सीझन करायची तयारी असताना डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस यांनी ७३ भागांत संपवायचं ठरवलं: सहा सीझन दहा-दहा भागांचे, सातवा सात, आठवा सहा. आठव्या सीझनवर इतका रोष उसळला की तो नव्याने करा या मागणीच्या अर्जावर पंधरा लाखांहून अधिक सह्या पडल्या. त्याच सीझनसाठी मालिकेला २०१९चं सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचं एमी मिळालं, हेही नोंदवायला हवं.

बिघडलं कुठे, यावर दोन निदानं आहेत. एक म्हणतं, मालिकेचा आधार असलेली जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची पुस्तकं संपली. पाचवं पुस्तक २०११ मध्ये आलं आणि सहाव्या सीझनपासून मालिका पुस्तकांच्या पुढे गेली. हे सोपं आहे, पण पुरेसं नाही. पुस्तकं मागे पडल्यावरच्या त्या सहाव्या सीझनमधला ‘बॅटल ऑफ द बास्टर्ड्स’ सगळ्या मालिकेतल्या सर्वाधिक वाखाणलेल्या भागांपैकी आहे. ‘द लेफ्टओव्हर्स’ने टॉम पेरोटा यांची मूळ कादंबरी पहिल्याच सीझनमध्ये संपवली, गोष्ट टेक्ससमधल्या एका गावात हलवली आणि मालिका सुधारली. दुसरं निदान वेगाचं आहे. सुरुवातीच्या सीझनांत एका गावाहून दुसऱ्या गावी जायला पात्राला अर्धा सीझन लागे, आणि त्या वाटचालीत माणूस बदलताना दिसे. शेवटी खंडाच्या या टोकाहून त्या टोकाला लोक एका भागात पोहोचू लागले. डेनेरिस या राणीचं शहर जाळणं अनेकांना खटकलं ते घटना म्हणून नव्हे, तर तिच्या मनात तिथवर जाणारी वाट दाखवायला भाग उरले नव्हते म्हणून. हे निदान जास्त पटतं.

आराखड्याच्या बाजूने बोलणाऱ्यांना ‘ब्रेकिंग बॅड’चंही (२००८-१३) कोडं उलगडावं लागतं. सीझनागणिक चढत गेलेल्या मालिकांत तिचं नाव पहिलं घेतलं जातं, आणि ती बऱ्याच अंशी वाट काढत लिहिलेली आहे. पाचव्या सीझनच्या पहिल्याच दृश्यात वॉल्टर व्हाइट गाडीच्या डिकीत मशीनगन ठेवून घेतो. ती बंदूक कशासाठी, हे ते दृश्य लिहिताना आपल्यालाही ठाऊक नव्हतं, असं मालिकेचे कर्ते व्हिन्स गिलिगन यांनी पुढे सांगितलं. त्यांना ठाऊक होती ती दिशा: भित्रा शिक्षक गुन्हेगारीचा धनी होत जाणार. घटनांचा नकाशा नव्हता, माणसाचा होता. शेवट अगोदर ठरलेला असण्यापेक्षा हे जास्त महत्त्वाचं असावं. पण तसं सिद्ध करायला लागणारी उदाहरणं अजून थोडी आहेत.

लिहिणारे कोण

अमेरिकन मालिका एका खोलीत बसून पाच-दहा लेखक मिळून रचतात, आणि शोरनर त्यांच्यावरचा प्रमुख. तो गेला की घसरण, ही तिसरी भूमिका. पुरावा भरपूर आहे. ‘द वेस्ट विंग’चे चार सीझन जवळपास एकहाती लिहिणारे आरन सॉर्किन २००३ मध्ये बाहेर पडले, आणि पाचवा सीझन दिशाहीन झाला. ‘डेक्स्टर’चे क्लाइड फिलिप्स चौथ्या सीझननंतर गेले. तो सीझन म्हणजे शिखर, आणि २०१३चा शेवट इतका हिणवला गेला की २०२१ मध्ये फिलिप्स यांनाच परत बोलावून नवा शेवट करावा लागला.

उलटंही घडतं. ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’चे पहिले दोन सीझन तिच्या चाहत्यांनाही सोसत नाहीत. १९८९ मध्ये मायकेल पिलर लेखन-प्रमुख झाले. त्यांनी पात्रांना केंद्रात ठेवण्याचा आग्रह धरला आणि बाहेरच्या होतकरू लेखकांच्या संहिताही वाचायला घेतल्या. त्या ढिगातून रोनाल्ड मूर यांची संहिता निघाली. हेच मूर पुढे ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ची नवी आवृत्ती करणारे. ‘वेस्ट विंग’सुद्धा जॉन वेल्स यांच्या हाताखाली शेवटच्या दोन सीझनांत नव्या अध्यक्षीय निवडणुकीच्या कथानकावर सावरली. मूळ लेखक गेला म्हणजे सगळं संपलं, असं यावरून म्हणता येत नाही.

आणि मूळ लेखक राहिला म्हणजे सगळं शाबूत, असंही नाही. ‘ट्रू डिटेक्टिव्ह’चे पहिले दोन्ही सीझन निक पिझोलाटो यांनीच लिहिले. २०१४चा पहिला गाजला, २०१५चा दुसरा पडला. एचबीओचे तेव्हाचे कार्यक्रम-प्रमुख मायकेल लोंबार्डो यांनी मागाहून दोष स्वतःकडे घेतला: प्रक्षेपणाची तारीख गाठायची घाई आपण केली.

मोजायचं कसं

वादातला हा भाग कोरडा आहे, म्हणून बहुतेक लेख तो टाळतात. आयएमडीबी या संकेतस्थळावर प्रेक्षकांनी दिलेल्या गुणांचे आलेख काढून ‘ही मालिका बघा कशी घसरली’ असं दाखवणं आता कुणालाही जमतं. ‘ब्रेकिंग बॅड’च्या ‘ओझिमँडियस’ या भागाचे गुण वर्षानुवर्षे दहापैकी दहा होते. ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा अंतिम भाग चारच्या आसपास रेंगाळतो. पण गुण देणारे लोक दर सीझनला तेच नसतात. ज्यांना मालिका आवडली नाही ते दुसऱ्या-तिसऱ्या सीझनपर्यंत निघून गेलेले असतात. उरतात ते चाहते. त्यामुळे उशिराच्या भागांचे गुण आपोआप फुगू शकतात आणि चढण खोटी दिसू शकते. चाहत्यांचा अपेक्षाभंग झाला तर तेच गुण एका रात्रीत कोसळतात, आणि उतरण खऱ्याहून खोल दिसते.

दुसरा पेच निवडीचा आहे. दुसरा सीझन मिळतो तो बहुतेक वेळा पहिला उत्तम झालेल्या मालिकेला. उत्तम सीझनमध्ये कौशल्य असतं तसा योगही असतो: नेमका नट, नेमका विषय, नेमकी वेळ. योग पुन्हा तितकाच जुळेल याची शक्यता कमी, म्हणून पुढचा सीझन जरा खाली येणं हे घसरणीपेक्षा सरासरीकडे परतणं असू शकतं. वाईट सुरुवात करून सुधारू शकल्या असत्या अशा किती मालिका पहिल्याच सीझनला बंद झाल्या, त्यांची मोजदाद या आलेखांत नसते.

प्रेक्षकसंख्या तर आणखी फसवी. ‘ब्रेकिंग बॅड’ची सुरुवात पंधरा लाखांच्या आतल्या प्रेक्षकांनी झाली आणि शेवटचा भाग एक कोटीहून अधिकांनी पाहिला, मधल्या काळात नेटफ्लिक्सवर जुने सीझन उपलब्ध झाल्याचा त्यात मोठा वाटा होता. ‘हॉल्ट अँड कॅच फायर’चा दर्जा वाढत गेला आणि प्रेक्षक घटत गेले. समीक्षक आणि आकडे एकमेकांविरुद्ध जातात तेव्हा घसरण कोणती म्हणायची, यावर एकमत नाही.

आपल्याकडे

मराठी मालिकेला सीझन नव्हते, कारण तिला सुट्टीच नव्हती. आठवड्याला पाच-सहा भाग, दर गुरुवारी येणारा टीआरपी, आणि त्याबरहुकूम बदलणारा ट्रॅक. ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ चालली आणि तीन हजारांवर भाग झाले. ‘मालिकेत पाणी घातलं’ ही तक्रार इथे सीझनची नसते, महिन्यांची असते. आणि लेखकाला मागे वळून पाहायला जागाच नसते. मोजक्या काळात संपलेल्या ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ (२०१२) सारख्या मालिकेची आठवण लोक वेगळ्या प्रेमाने काढतात, त्यात ती वेळेवर संपल्याचा हिस्सा नक्की आहे.

सीझनच्या प्रश्नावर आपल्याकडचं सर्वांत बोलकं उदाहरण ‘रात्रीस खेळ चाले’चं. २०१६चा पहिला सीझन कोकणातल्या नाईकांच्या वाड्यावर अण्णांच्या मृत्यूनंतर काय घडतं याचा होता, म्हणजे रहस्याचा. २०१९ मध्ये दुसरा सीझन आला तो भूतकाळात गेला. जे अण्णा पहिल्यात सुरुवातीलाच गेले होते, ते आता जिवंत, लंपट, क्रूर असे माधव अभ्यंकरांच्या रूपात समोर उभे राहिले, आणि अपूर्वा नेमळेकरांची शेवंता घराघरांत पोहोचली. शेवट प्रेक्षकाला आधीच माहीत होता. तरीही, किंवा म्हणूनच, तो पहिल्याहून जास्त गाजला. वर मांडलेल्या पहिल्या भूमिकेला इतका स्वच्छ दुजोरा अमेरिकन उदाहरणांतही सहसा सापडत नाही. २०२१चा तिसरा सीझन पुन्हा पुढच्या काळात आणि भुतांकडे वळला. मध्येच शेवंतेची भूमिका दुसऱ्या अभिनेत्रीकडे गेली, आणि दुसऱ्याची उंची त्याला गाठता आली नाही. यातलं कथेमुळे किती आणि नट बदलल्यामुळे किती, हे वेगळं काढणं अवघड आहे.

अजून न सुटलेलं

स्ट्रीमिंगने जुनं गणित उलटं केलं. शंभर भागांची गरज संपली, सीझन आठ-दहा भागांवर आले, आणि दोन सीझनांमधलं अंतर वाढलं. ‘सेव्हरन्स’चा पहिला सीझन २०२२च्या फेब्रुवारीत आला, दुसरा २०२५च्या जानेवारीत. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ने २०१६ ते २०२५ या काळात पाच सीझन मिळून ४२ भाग केले, ‘ईआर’ तेवढे दोन वर्षांत करत असे. जास्त वेळ मिळाल्याने लेखन सुधारतं, की मधल्या काळात कथेचा धागा, नटांची वयं आणि प्रेक्षकाची आठवण हातातून निसटते? दोन्ही बाजूंनी बोलणारे आहेत. सगळे भाग एकदम पाहणाऱ्याला सैल भाग खटकत नाही, आठवड्याला एक पाहणाऱ्याला खटकतो, असं सांगितलं जातं. त्याचा नीट अभ्यास मी वाचलेला नाही.

आखूड सीझनांबरोबर लेखकांची खोलीही आखूड झाली. थोड्या आठवड्यांसाठी दोन-तीन लेखक बोलवायचे, चित्रीकरण सुरू व्हायच्या आत त्यांना मोकळं करायचं, आणि पुढच्या सीझनला नवे आणायचे. २०२३ मध्ये अमेरिकन लेखकांनी १४८ दिवसांचा संप केला, त्यातली एक मुख्य तक्रार हीच होती. ‘ब्रेकिंग बॅड’च्या मशीनगनचं कोडं सोडवायला तीच माणसं वर्षभर एका टेबलाभोवती बसलेली होती, हे लेखकांच्या संघटनेचं म्हणणं समजायला पुरेसं आहे. निर्मात्यांचं म्हणणं असं की छोट्या मालिकेला एकच लेखक बस होतो, आणि अनेक उत्तम ब्रिटिश मालिका तशाच लिहिल्या गेल्या. संपानंतरच्या करारात सात ते बारा भागांच्या सीझनसाठी किमान पाच लेखकांची अट आली, सगळे भाग एकट्याने लिहिणाऱ्याला सूट ठेवून. त्या अटीखाली लिहिलेले दुसरे-तिसरे सीझन आता कुठे पडद्यावर येऊ लागले आहेत.